धंद्याला कला न म्हणणाऱ्यांस

गेल्या रमजानच्या थोडे अगोदरची गोष्ट. पुण्यात एका स्नेह्याच्या घरी साहित्याची छोटीशी बैठक भरली होती. दहा-बारा माणसे. दोन गझलकार, एक कथाकार आणि बाकी आमच्यासारखे शाळामास्तर. लोखंडी कपाटे बनवणारे एक कारखानदारही आले होते. चहा-समोशांचा खर्च त्यांचा होता, हे सांगायला नको. आभार मानताना यजमान म्हणाले, ‘‘हेही आपल्या क्षेत्रातले कलावंतच आहेत. बावीस माणसांचे घर चालवतात.’’ त्यावर एक ज्येष्ठ गझलकार चटकन म्हणाले, ‘‘माफ करा जनाब, धंदा तो धंदा आणि फन तो फन. सरमिसळ नको.’’

सगळे हसले. कारखानदारही हसले आणि मान खाली घालून समोसा खाऊ लागले. आम्हीही हसलो.

घरी येताना बसमध्ये आम्हाला आठवले की, त्या गझलकार साहेबांचा शेवटचा संग्रह याच माणसाच्या पैशातून छापला गेला होता. कागद कोणता घ्यायचा, किती प्रती काढायच्या, कोणत्या गावी किती पाठवायच्या, हेही त्यानेच ठरवले होते. त्या प्रती संपल्या. त्याआधीच्या दोन संग्रहांचे गठ्ठे साहेबांच्या माळ्यावर अजून पडून आहेत. तरी फन यांच्याकडे आणि त्याच्याकडे नुसता धंदा!

त्या दिवशी आम्ही हसलो, ही आमची चूक झाली. तिचे उत्तर आज देत आहोत. प्रश्न एका माणसाच्या मानापमानाचा असता तर आम्ही कागद खर्ची घातला नसता. प्रश्न आपल्या मुलांचा आहे.

प्रथम समोरच्यांची बाजू नीट मांडू. ती कच्ची नाही. ते म्हणतात, कलावंत जे करतो ते त्या गोष्टीसाठीच करतो. धंदेवाला जे करतो ते नफ्यासाठी करतो. दुसरे, कलाकृती मागे राहते. धंद्याच्या मागे काय राहते, तर शिल्लक किंवा कर्ज. आणि तिसरे, कलेला अंगची देणगी लागते. धंद्याला चार आकडे आणि थोडी चलाखी पुरते. हे तिन्ही मुद्दे आम्ही लक्षात ठेवून पुढे जातो. वाचकांनीही लक्षात ठेवावेत.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि लिहितो मराठीत. दोन भाषांच्या उंबरठ्यावर बसणाऱ्याला एक फायदा असतो. एकच शब्द एका घरातून दुसऱ्या घरात जाताना काय घेऊन गेला आणि काय टाकून गेला, ते त्याला दिसते. ‘कसब’ हा शब्द घ्या. मूळ अरबी. तिकडे त्याचा अर्थ कमाई, मिळकत, रोजी. उर्दूत आजही ‘कसब-ए-हलाल’ म्हणजे कष्टाची, सचोटीची कमाई. हाच शब्द मराठीत आला आणि त्याचा अर्थ झाला हातातले कौशल्य. सुताराचे कसब, विणकराचे कसब, लेखणीचे कसब. आमच्या पूर्वजांनी, म्हणजे मराठी बोलणाऱ्या सगळ्यांच्याच पूर्वजांनी, कमाई आणि कौशल्य यांत भिंत पाहिली नाही. ज्याने माणूस नीट कमावतो ते कौशल्य आणि जे कौशल्य आहे त्याने माणसाने कमवावे, असा सरळ हिशेब त्या एका शब्दात बसला आहे.

‘सनअत’ पाहा. उर्दूत कारखानदारीला सनअत म्हणतात, आणि शेरातल्या अलंकारालाही सनअतच म्हणतात. नववीच्या वर्गात आम्ही मुलांना शायरीतल्या सनअती शिकवतो. त्याच मुलांना आपल्या बापाचा यंत्रमागही सनअतच आहे, हे कोणी सांगत नाही. फारसीतला ‘हुनर’ मराठीत ‘हुन्नर’ झाला, आणि जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम, नफा, हिशेब हे सगळे शब्द त्याच वाटेने मराठीच्या दुकानात येऊन बसले. पुण्यात ज्या आडनावांचा दबदबा आहे त्यातले फडणीस म्हणजे ‘फर्द-नवीस’, हिशेबाचा कागद लिहिणारा. म्हणजे हिशेब लिहिणे हे इथे एके काळी घराण्याचे नाव व्हावे एवढ्या मोलाचे काम होते. शब्द आपल्याजवळ आहेत. आपण त्यांची इज्जत मात्र गमावून बसलो आहोत.

आता ज्या वस्तीत आम्ही राहतो तिच्याबद्दल. आम्ही कर्वेनगरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. मुठेच्या काठचे हे जुने हिंगणे बुद्रुक. 1896 साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, आणि 1900 साली तो गावाबाहेर हिंगण्याला आणला. जमीन गोखले नावाच्या एका दात्याने दिली होती. सुरुवात झोपडीपासून झाली. कर्वे तेव्हा फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत. तिकडचे तास संपले की चिखल तुडवीत पायी हिंगण्याला यायचे, मुलींना शिकवायचे, आश्रमाला काय हवे-नको ते पाहायचे, पुन्हा शहरात परतायचे.

कर्व्यांना आपण समाजसुधारक म्हणतो, महर्षी म्हणतो, 1958 साली त्यांना भारतरत्न मिळाले हे मुलांकडून पाठ करून घेतो. सगळे बरोबर. पण विधवांची दया त्या काळी इतरांनाही येत होती. लेख लिहिणारे होते, भाषणे करणारे होते. स्वतः विधवेशी लग्न करण्याचे धाडसही कर्व्यांच्या आधी काहींनी केले होते. मग आश्रम कर्व्यांचाच का उभा राहिला आणि का टिकला? आमचे उत्तर असे की, त्या माणसाला संस्था चालवता येत होती. दारोदार जाऊन थोडे थोडे मागायचे, मिळालेल्या पैशाचा हिशेब ठेवायचा, तो लोकांसमोर मांडायचा, पुन्हा मागायला जायचे. समाजाने वाळीत टाकलेला माणूस त्याच समाजाकडून पैसे आणतो, आणि देणाऱ्याला ‘माझा पैसा वाया गेला’ असे वाटू देत नाही, हे चार आकड्यांचे आणि चलाखीचे काम आहे काय? 1916 साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले तेव्हा सरकारची मान्यता पाठीशी नव्हती आणि विद्यार्थिनी मूठभर होत्या. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्या विद्यापीठाला 15 लाखांची देणगी जाहीर केली. कापडगिरण्यांचा मालक एवढी रक्कम नुसत्या तळमळीवर देत नाही. पैसा कोणाच्या हाती सुरक्षित राहील, ते धंदेवाला ओळखतो.

आणि मागे काय राहिले म्हणाल, तर सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहून पाहावे. शाळा, वसतिगृहे आणि मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय असलेल्या त्या आवाराकडे मुलींची रीघ लागलेली असते. त्यात आता बुरखा घातलेल्या मुलीही असतात. सव्वाशे वर्षे झाली. कर्वे 1962 साली वारले. चालवणारा माणूस गेला आणि चालवलेली गोष्ट चालतच राहिली. ‘कलाकृती मागे राहते’ ही कसोटी ज्यांनी आम्हाला दिली, त्यांनी हिंगण्याची ही कृती कोणत्या रकान्यात टाकायची ते सांगावे.

कोणी म्हणेल, ती सेवा होती, धंदा नव्हता. ठीक. सेवेतही उधारी असते, किराणा असतो, पावसाळ्याच्या आत घालायचे छप्पर असते. ‘नफ्यासाठी नाही’ म्हणून संस्था आपोआप चालत नाही. नफ्याशिवाय चालवायची तर जास्त कसब लागते. आमच्या समाजात चांगल्या हेतूने निघालेली आणि तीन वर्षांत बुडालेली वाचनालये, पतपेढ्या, मासिके मोजायला बसलो तर हा अंक पुरणार नाही. हेतू कोणाचाच वाईट नव्हता. वही कोणी लिहीत नव्हते.

कर्व्यांइतके मोठे नाव नको असेल तर आमच्या खालच्या मजल्यावर या. कर्वेनगरात बाहेरगावच्या विद्यार्थ्यांचा सुळसुळाट, म्हणून खानावळीही पुष्कळ. खालच्या काकू साठ-सत्तर डबे देतात. शिक्षण सातवी. गेली चार वर्षे आम्ही त्यांचा कारभार जिन्यातून येता-जाता पाहतो. शनिवारी किती मुले गावी जाणार, परीक्षेच्या आठवड्यात किती जण रात्री उशिरा जेवणार, संकष्टीला किती डबे उपासाचे, रोज्यांत आमच्या दोन-तीन मुलांचा डबा किती वाजता निघाला पाहिजे, हे सगळे त्यांच्या डोक्यात असते. भाजी महागली की मेथीची जुडी कमी करून डाळ घट्ट करतात, पण पोळीचा आकार कधी लहान करत नाहीत. आम्ही एकदा विचारले, ‘‘काकू, पोळी थोडी लहान केली तर कुणाला कळणार?’’ म्हणाल्या, ‘‘सर, पोरांच्या पोटाला कळतं. आणि मग ती बोलत नाहीत, नुसती बंद होतात.’’

हे वाक्य आम्ही बी.एड.ला शिकलो असतो तर बरे झाले असते. विद्यार्थी बोलत नाहीत, नुसते बंद होतात. ते असो. पण पाहा, रोज सत्तर पोटांचा अंदाज घ्यायचा, उरले तर तोटा, कमी पडले तर शोभा. हाताखालच्या दोन बायकांपैकी एकीचे मूल आजारी पडले तर चूल बंद पडता कामा नये आणि त्या बाईचा पगारही कापता कामा नये. हे कोणत्या गणिताच्या पुस्तकात बसते? गवय्या समोरची मैफल पाहून राग लांबवतो की आवरतो, त्याला आपण कला म्हणतो. या बाई समोरचे ताट पाहून तेच करतात. अंगची देणगी, सराव, नजर, हात, आणि कुठे थांबायचे ते कळणे. कलेला लागते ते सगळे इथे आहे. फक्त टाळ्या नाहीत.

आता गझलकारांच्या अंगणात येतो. उर्दू अदब आपल्यापर्यंत पोहोचले कसे? गालिब थोर, त्याबद्दल वाद नाही. पण गालिबचा स्वतःचा हिशेब जन्मभर कर्जात गेला. पेन्शनच्या भांडणासाठी त्यांनी पार कलकत्ता गाठले, 1828 साली तिथे पोहोचले, आणि हाती फारसे काही लागले नाही. दुसऱ्या बाजूला मुन्शी नवल किशोर यांनी 1858 साली लखनौत छापखाना काढला. त्यांनी हजारो पुस्तके काढली, उर्दू, फारसी, अरबी, संस्कृत, हिंदी. गालिबची फारसी कुल्लियात 1863 साली तिथूनच छापून निघाली. जातीने भार्गव, धर्माने हिंदू असलेल्या या माणसाने कुरआनाच्या प्रती इतक्या स्वस्त काढल्या की त्या गरिबाच्या घरापर्यंत गेल्या. कागद, शाई, कातिब, दगडी छापा, रेल्वेने जाणारे गठ्ठे आणि दूरदूरच्या गावचे पुस्तकविक्रेते ही सगळी जुळवाजुळव ज्याने बसवली, त्याने किती दिवाण वाचवले याचा विचार करावा. आपल्या मुंबईत जावजी दादाजींनी 1869 साली निर्णयसागर छापखाना उभा केला आणि संस्कृत-मराठी ग्रंथांचे टाइप इतके देखणे पाडले की पंडित लोक त्या छपाईची शपथ घेत. या लोकांनी धंदा केला, नफाही कमावला. शायर आणि वाचक यांच्यामध्ये जो पूल लागतो तो त्यांनी बांधला. पूल बांधणाऱ्याला कारागीर म्हणायलाही ज्यांची जीभ जड होते, त्यांनी तो पूल ओलांडू तरी नये.

‘नफ्यासाठी’ या आक्षेपाचेही पाहू. नफा हा हेतू असला की काम हलके होते, असे असेल तर पैसे घेऊन कसीदे लिहिणाऱ्या सगळ्या दरबारी शायरांची नावे पाठ्यपुस्तकातून काढावी लागतील. ताजमहालाचे कारागीर फुकट राबले नव्हते. मोबदला घेतल्याने काम हलके होत नाही. मोबदल्यासाठी काम बिघडवले तर होते. हा फरक धंद्यालाही लागू आहे.

ख्वाजा अब्दुल हमीद यांनी 1935 साली मुंबईत सिप्ला सुरू केली. 2001 साली त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद यांनी एड्सवरची तीन औषधांची मात्रा वर्षाला 350 डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरच्या आत, एका आंतरराष्ट्रीय सेवाभावी डॉक्टर-संघटनेला देऊ केली. तेव्हा बड्या परदेशी कंपन्यांच्या त्याच उपचाराला माणशी वर्षाला 10 हजार डॉलरहून अधिक लागत. आफ्रिकेत माणसे मरत होती आणि औषध कपाटात होते. नुसत्या करुणेने किंमत एवढी खाली येत नाही. कच्चा माल स्वतः बनवायची तयारी लागते. 1970 च्या भारतीय पेटंट कायद्याने औषध वेगळ्या पद्धतीने बनवायची जी मुभा दिली होती, तिच्यावर अनेक वर्षे बसवलेली घडी लागते. तीन औषधे एका गोळीत आणायचे शास्त्र लागते. आणि ‘एवढ्यात आपल्याला परवडते’ हे छातीठोक सांगता यावे असा हिशेब लागतो. त्या 350 च्या आकड्यात जेवढी माणुसकी आहे तेवढेच कसब आहे. दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. शेरातून आशय आणि वजन वेगळे काढता येतात का?

आपल्या खानदेशातले अमळनेर घ्या. 1945 साली मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी तिथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला. तीच पुढची विप्रो. 1966 साली ते वारले तेव्हा मुलगा अझीम 21 वर्षांचा, अमेरिकेतले शिक्षण अर्धवट टाकून परत आलेला. त्याने तुपाच्या आणि साबणाच्या कारखान्यापासून संगणकापर्यंत ती कंपनी नेली. अमळनेरच्या ज्या साध्या घरांनी जुने शेअर जपून ठेवले त्यांची ददात मिटली, हे त्या गावात कोणीही सांगेल. 2001 साली निघालेल्या त्यांच्या प्रतिष्ठानाचे काम सरकारी शाळांत चालते. 2019 साली प्रेमजींनी त्याला दिलेल्या संपत्तीची बेरीज सुमारे 1 लाख 45 हजार कोटींवर गेली. आम्ही शाळामास्तर असल्यामुळे या आकड्यापेक्षा तो कुठे खर्च होतो याकडे आमचे लक्ष अधिक जाते.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नाहीतर उद्या कोणी शेठ हा लेख फ्रेम करून कचेरीत लावील. मालकांची आरती ओवाळायला आम्ही बसलेलो नाही. व्यवस्थापनाच्या परदेशी पंडितांपैकी पीटर ड्रकर यांनी 1989 च्या आपल्या पुस्तकात व्यवस्थापनाला विद्या आणि व्यवहार यांची सांगड घालणारी कला म्हटले. तेव्हापासून जो तो मोठ्या कंपनीचा साहेब स्वतःला कलावंत समजू लागला आहे. चारशे माणसे एका सहीने घरी बसवणारा कलावंत, आणि कामगाराला बारा-बारा तास मागावर उभा करून ‘कसे मॅनेज केले बघा’ म्हणणाराही कलावंत! ‘मॅनेज’ हा शब्द मुळात इटालियन भाषेतून, घोडा हाताळण्याच्या विद्येतून आला म्हणतात. काही मालकांना तेवढेच आठवते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागावर आपलीच माणसे आहेत. 1857 नंतर उत्तरेतून मालेगावात येऊन वसलेल्या विणकरांच्या वंशजांना विचारा, कोणाचा हुनर कोणाच्या नावावर खपतो.

म्हणून आमचे म्हणणे ‘धंदा ही कला आहे’ असे सरसकट नाही. ‘नीट चालवलेला धंदा ही कला आहे’ एवढेच आहे. सगळे वजन ‘नीट’ या शब्दावर आहे. प्रत्येक तुकबंदीला आपण गझल म्हणत नाही, तशी प्रत्येक दुकानदारीला कला म्हणणार नाही. नीट म्हणजे काय? आमच्या तीन साध्या कसोट्या आहेत. वही उघडी ठेवता येते का? हाताखालच्या माणसाचा हात वर्षागणिक अधिक तयार होतो का? आणि आपण उद्या नसलो तर हे चालेल का? कर्वे तिन्हीत उतरतात. खालच्या काकू पहिल्या दोन्हीत उतरतात. तिसऱ्यासाठी त्यांनी पुतणीला हिशेबाला बसवले आहे. ज्या शेठच्या दोन वह्या असतात, एक दाखवायची आणि एक लपवायची, तो पहिल्याच कसोटीत गळतो, त्याने कितीही मुशायरे भरवले तरी.

हे आम्ही नवे सांगत नाही. कुरआनातली सर्वांत लांब आयत कशाबद्दल आहे? सूरह बकराची 282वी आयत देण्या-घेण्याचा करार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लहान असो, मोठा असो, लिहिण्याचा कंटाळा करू नका, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत. मापात मारणाऱ्यांवर तर एक अख्खी सूरह आहे. ज्या ग्रंथाने उधारीच्या नोंदीला एवढी जागा दिली, त्याला मानणारा समाज उधारीची वही ठेवायला लाजतो आणि ‘अल्लाह मालिक’ म्हणून गल्ला मोजत नाही. याला तवक्कल म्हणत नाहीत. हा आळस आहे.

आता आमचा स्वतःचा गुन्हा कबूल करतो. त्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या वर्गात दोन मुले होती. एकाचा हात सुंदर. चित्र काढायचा, शेर म्हणायचा, बंद पडलेले घड्याळ उघडून चालू करायचा. आम्ही त्याला डोक्यावर घेतला. दुसरा सुमार. त्याच्या दप्तरात एक छोटी डायरी असे. वर्गाच्या सहलीचे पैसे, कोणी किती दिले, कोणाचे बाकी, रिक्षाला किती गेले, हे तो त्यात लिहून ठेवायचा. एकदा भर वर्गात आम्ही त्याला म्हणालो, ‘‘मुनीम होणार आहेस का?’’ वर्ग हसला. त्यानेही मान खाली घातली, त्या कपाटवाल्या पाहुण्यासारखीच.

दोघांनीही पुढे गॅरेज काढले, दोन ठिकाणी. पहिल्याकडे गाड्यांची रांग लागे, कारण आवाज ऐकून तो इंजिनचे दुखणे सांगे. पण कोणाकडून पैसे येणे आहेत, सुट्या भागांच्या दुकानदाराचे किती देणे आहे, काही पत्ता नसे. दोस्तांना फुकट, ओळखीच्यांना उधार. 2020 ची टाळेबंदी आली. दोन महिन्यांत भाडे थकले, चार महिन्यांत हत्यारे विकली गेली. आज तो दुसऱ्याच्या गॅरेजात रोजावर आहे. हात अजून तसाच सुंदर आहे. भेटला की ‘सर’ म्हणून सलाम करतो आणि आमची नजर खाली जाते.

दुसऱ्याचे गॅरेज आमच्या कर्वेनगराच्या वाटेवरच आहे. टाळेबंदीत त्याच्यापाशी तीन महिन्यांच्या भाड्याची बाजूला काढलेली रक्कम होती. दोन पोरांना त्याने अर्धा पगार दिला, पण घरी पाठवले नाही. आता पाच जण आहेत. भिंतीवर फळा लावला आहे. कोणती गाडी कोणाकडे, किती वाजता द्यायची, किती खर्च सांगितला. नव्या पोराला तो पान्याच्या आधी वही शिकवतो. आम्ही त्याला एकदा विचारले, ‘‘त्या दिवशी वर्गात आम्ही बोललो ते आठवते का?’’ म्हणाला, ‘‘आठवतं सर. पण डायरी बंद नाही केली.’’

आमच्या कौतुकाने एक मुलगा बुडाला आणि आमच्या टिंगलीला न जुमानता दुसरा तरला. पहिल्याला आम्ही कलावंत म्हटले ते योग्यच होते. पण त्याच्या कलेला उभे राहायला जी दुसरी कला लागते, तिची आम्ही त्याला लाज वाटायला लावली. तो एकटा आमच्या वर्गातला नाही. प्रत्येक मोहल्ल्यात असा एक आहे.

2006 साली सच्चर समितीने आपल्यासमोर आरसा धरला. मुसलमान कामकऱ्यांत स्वतःचा लहानसा धंदा करून जगणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आणि बँकेचे कर्ज मिळण्याचे प्रमाण कमी, हे त्या अहवालाने दाखवले. कर्ज न मिळण्यात दुजाभाव आहे, त्याविरुद्ध बोललेच पाहिजे, आम्हीही बोलतो. पण बँकेने वही मागितल्यावर आपल्या पोराकडे वहीच नसते, हेही आपणच आपसात बोलले पाहिजे. नोकऱ्यांची दारे अरुंद आहेत. बागवान, तांबोळी, अत्तार, मन्यार, मोमीन, पिंजारी ही आपली आडनावेच धंद्यांची आहेत. जो समाज हाताच्या कामावर आणि छोट्या दुकानावर जगतो, त्याच समाजाचे लेखक आणि मास्तर जर धंद्याला हिणवू लागले, तर ते कोणाला हिणवतात? आपल्याच बापाला.

म्हणून आमच्या दोन मागण्या आहेत. पहिली आमच्याच बिरादरीकडे, म्हणजे शिक्षकांकडे. उर्दू शाळेत आठवीपासून मुलांना जमा-खर्च, उधारीची नोंद, भावाची चौकशी, पावती लिहिणे हे शिकवावे, आणि ते ‘ढ’ मुलांचे काम म्हणून शिकवू नये. बैतबाजीत जिंकणाऱ्याला बक्षीस देतो त्याच मंचावर सहलीचा हिशेब पैशा-पैशाने जुळवणाऱ्यालाही द्यावे. आम्ही आमच्या वर्गापुरती सुरुवात केली आहे.

दुसरी मागणी लेखकांकडे. 1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतर आपल्या कथा-कवितांत तलाक आला, दंगल आली, फाळणी आली, मोहल्ल्याची घुसमट आली. यायलाच हवी होती. पण पहाटे चारला भट्टी पेटवून अकरा माणसांना रोजी देणारा बेकरीवाला, त्याच्या डोक्यातले मैद्याचे भाव, कामगार गावी गेल्यावरची त्याची धावपळ, हे किती कथांत आले? आमच्या कथेत दुकानदार येतो तो बहुधा कंजूष म्हणून, नाहीतर मुलीचे लग्न अडवणारा बाप म्हणून. त्याच्या कामाचे वर्णन येत नाही, कारण आपल्याला ते काम ठाऊकच नाही. संमेलनाचा मंडप कोणी उभा केला, जेवणाचा अंदाज कोणी बांधला, उरलेले अन्न कुठे गेले आणि शेवटी हिशेब कोणी जुळवला, त्याचे नाव स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर बारीक टाइपात असते. ते पहिल्या पानावर आणा असे आम्ही म्हणत नाही. वाचा तरी, एवढेच म्हणतो.

त्या गझलकार साहेबांबद्दल आमच्या मनात अदब आहे. त्यांच्या काही गझला आम्ही वर्गात शिकवतो. त्यांनी हा लेख वाचला तर एवढे करावे. माळ्यावरचे गठ्ठे खाली काढावेत, प्रती मोजाव्यात, आणि त्या कपाटवाल्या कारखानदाराला घरी बोलावून विचारावे की, भाई, या कशा पोहोचवायच्या? चहा-समोशांचा खर्च या वेळी आपण करावा. आणि तो सांगू लागला की वही घेऊन बसावे, शागीर्द उस्तादापुढे बसतो तसे.